बैठकीत विरोध कोणी केला, तेही कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने 'मेटास' या बांधकाम क्षेत्रातील दोन कंपन्या ताब्यात घेण्यासाठी सुमारे १६० कोटी डॉलर खर्च करायचे एकमताने ठरवले. मेटासच्या या कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते. बैठकीत शंका निघाल्या, पण विरोधात मत कोणीच दिले नाही. भागधारक खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी खोट्या हिशेबांची कबुली दिली.

बनावट ताळेबंद संचालकांना ओळखता आला नाही, हे एकवेळ समजू शकते. मेटासचा व्यवहार मात्र त्यांच्यासमोर टेबलावरच होता. बाहेरच्या माणसाला जे लगेच खटकले, ते इतक्या जाणत्या मंडळींना खटकले नसेल, हे मला पटत नाही. खटकले असणार, पण ज्यांनी सन्मानाने बोलावून मंडळावर घेतले त्यांना तोंडावर 'नाही' म्हणणे जड गेले असणार. याच सत्यमला २००८ मध्येच उत्तम कंपनी कारभाराचा पुरस्कार मिळाला होता! कागदोपत्री सगळे नियम पाळले जात होते ना.

पुढे २०१३ चा कंपनी कायदा आला. स्वतंत्र संचालकांनी (म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेल्या संचालकांनी) वर्षातून एकदा तरी व्यवस्थापनाला बाहेर ठेवून बैठक घ्यावी, असे त्यात आहे. तरतूद चांगलीच आहे. पण त्यानंतरही पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणारी आयएल अँड एफएस बुडाली, सुमारे ९१ हजार कोटींच्या कर्जासह, आणि २०१८ मध्ये सरकारला तिचे मंडळ बरखास्त करावे लागले. तिथली जोखीम समिती कित्येक वर्षे जवळपास भरलीच नव्हती. अशा कंपन्यांच्या रोख्यांत सामान्य नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीचा पैसा असतो, म्हणून जीव तुटतो.

संचालक किती बैठकांना हजर होते, हे वार्षिक अहवालात छापतात. ते तिथे काय बोलले, हे भागधारकाला कळत नाही. प्रवर्तकांच्या (कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्यांच्या) नात्यातील कंपन्यांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांपुरते तरी कोणत्या संचालकाने कोणता आक्षेप घेतला आणि मत कोणत्या बाजूने दिले, हे शेअर बाजाराला कळवणे 'सेबी' या बाजार नियामक संस्थेने सक्तीचे करावे. आक्षेप नोंदवणाऱ्यालाही त्याने बळ येईल.

– एक छोटा भागधारक, डोंबिवली