कृषिमंत्र्यांना खुले पत्र: सोयाबीनच्या बुरशीवर इलाज जूनमध्येच हवा

माननीय किसान कल्याण तथा कृषी विकास मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

ऑगस्टमध्ये झड लागली की इंदूर, सांवेर, देपालपूर भागात सोयाबीनवर बुरशीनाशकाची धावपळ सुरू होते. औषध कोणतं, हे बहुतेक वेळा दुकानदार ठरवतो. तोवर उशीर झालेला असतो.

शेंगा करप्याची बुरशी बियाण्यासोबतच शेतात येते. म्हणून जूनमध्ये पेरणीआधीच कार्बॉक्सिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे बुरशीनाशक मिश्रण बियाण्याला किलोमागे ३ ग्रॅम चोळावं; नंतर कीटकनाशक, आणि अगदी पेरताना रायझोबियम (नत्र देणारे) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) हे उपयोगी जिवाणू प्रत्येकी ५ ग्रॅम. सगळं एकाच घमेल्यात कालवलं की जिवाणू मरतात. सोयाबीनची साल पातळ असते. बी जास्त ओलं करून खसाखसा चोळलं तर ती सुटते, उगवण घसरते आणि दोष बियाण्यावर जातो. हाताने फिरवायचा बीजप्रक्रिया ड्रम मोठ्या खर्चाचा नाही. तो प्रत्येक सहकारी सोसायटीत मे संपण्याआधी हवा.

दाट पेरणी हे दुसरं दुखणं. उगवण ७० टक्के असेल तर हेक्टरी ७० किलोच्या आसपास बी आणि ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर पुरतं. ‘कमी उगवलं तर?’ या धास्तीने शंभर किलो पेरलं जातं. मग पानं एकमेकांत गुंततात, खाली हवा फिरत नाही आणि रायझोक्टोनिया बुरशीचा करपा पसरतो: पानावर गरम पाणी सांडल्यासारखे डाग, पुढे पानं बुरशीच्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली. अशा पिकात फवारा खालच्या पानांपर्यंत पोचतच नाही.

फवारायचंच झालं तर पाणी मोजावं. टेब्युकोनाझोल २५.९ ईसी हे द्रवरूप बुरशीनाशक हेक्टरी ६२५ मिली, पाणी ५०० लिटर. म्हणजे १५ लिटरचे साधारण ३३ पंप, दर पंपाला १९ मिली. प्रत्यक्षात याच्या निम्मे पंपही मारले जात नाहीत, आणि तेही तणनाशकाच्या चपट्या नोझलने. बुरशीनाशकाला पोकळ शंकूचा फवारा लागतो.

तरीही रोग हटला नाही की शेतकरी ब्रँड बदलतो, पण घटक अनेकदा त्याच गटाचा, म्हणजे बुरशीवर त्याच रीतीने काम करणारा निघतो. टेब्युकोनाझोल गट ३, पायराक्लोस्ट्रोबिन आणि ॲझोक्सिस्ट्रोबिन दोन्ही गट ११. एकाच गटाचा मारा होत राहिला की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. लेबलावरचा रंगीत त्रिकोण फक्त विषारीपणा सांगतो. गडद रंग म्हणजे जालीम औषध, असं त्यावरून समजू नये. लेबलाचे नियम केंद्राचे आहेत, हे मान्य. पण आपल्या खात्याच्या सल्ल्यात घटकापुढे गट क्रमांक लिहायला आणि दुकानात तसा फलक लावायला सांगण्यात अडचण काय?

पिवळा मोझॅक हा विषाणू आहे, तो पांढरी माशी पसरवते. त्यावरही बुरशीनाशक विकलं जातं. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच खंडवा रोडवर आहे. जुलै ते सप्टेंबर मंडीच्या दिवशी तिथल्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या जाणकाराने भिंग घेऊन मंडीत बसावं, रोगट पान-शेंग पाहून चिठ्ठी द्यावी आणि दुकानदाराने त्या चिठ्ठीप्रमाणेच औषध द्यावं, एवढी व्यवस्था यंदाच्या खरिपापासून करावी.

पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवत आहोत.

आपले,
इंदूर परिसरातील सोयाबीन उत्पादक