दहा किलो आपले, बाकीचे गल्लीचे

निपाणी
१८ फेब्रुवारी

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पिशवी पोचली. काल संध्याकाळी स्टँडवर जाऊन घेऊन आले. वरचे टोमॅटो जसेच्या तसे होते. तळाचे सात-आठ फुटले होते आणि त्यांच्या रसानं ‘तरुण भारत’चा कागद सालीला चिकटला होता. हळूच सोलला तर एका टोमॅटोवर अक्षरं उलटी उमटलेली. बाबा, तुम्ही एकेक टोमॅटो वेगळा गुंडाळला होतात. बारा किलो म्हणजे शंभरावर टोमॅटो. तेवढे कागद फाडायचे, तेवढे टोमॅटो गुंडाळायचे, अख्खी दुपार गेली असणार तुमची. मी बराच वेळ ती पिशवी पुढ्यात घेऊन बसून होते.

फोनवरच बोलले असते, खरं बाबांना फोनवर अर्धंच ऐकू येतं. आणि आई, तू ‘हो हो, करते’ म्हणतेस आणि नंतर आपलंच करतेस. म्हणून लिहिते आहे. वाचून झालं की हे पत्र कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेव.

संक्रांतीला बोलायचं राहिलं ते आधी बोलते. भांडी घासताना तू बांगड्या वर सारल्यास तेव्हा मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा डाग दिसला. रुपयाएवढा, कडेनं काळपट, मधे गुलाबी. ‘तोक्कू उडाला गे जरा,’ एवढंच म्हणालीस. बाबा शेजारी होते, त्यांना लागलं असतं, म्हणून मी गप्प बसले. टोमॅटोची ती तिखट चटणी आटत येते तशी दाट होते, वाफेला वर यायला वाट राहत नाही, मग बुडबुडा फुटला की उकळता गर अंगावर येतो. आणि तू त्याच्यासमोर तास-दीड तास उभी, एका हातात झारा, दुसरा दुखऱ्या कमरेवर.

आणि बाबा, शेजारच्या अक्कांनी मला सगळं सांगितलंय. त्यांच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. तीस वर्षं खांद्याला पिशवी लावून तुम्ही नंदगडात आणि आसपासच्या वाड्यांवर टपाल वाटलंत. आता त्याच खांद्यावर टोमॅटोची पिशवी घेऊन घरोघर जाता आणि परतताना चढावर दोनदा टेकता. हे ऐकून रात्री मला झोप लागली नाही.

एवढे टोमॅटो झाले तरी ते टाकवत का नाहीत, ते मला कळतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता आणि आई, तू सगळा पावसाळा आमसुलाच्या सारावर काढलास. तेव्हाच बाबांनी मनात घेतलं की आता परसातच लावायचे. पहिल्या वर्षी आपल्या तांबड्या मातीत मर लागून रोपं उभीच्या उभी सुकली, दुसऱ्या वर्षी पानं चुरडली. या खेपेस नर्सरीतून अर्का रक्षक वाण आणलं, ते बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं. चुरडा-मुरडा, मर आणि करपा, तिन्हींना तोंड देणारं. चोवीसच्या चोवीस रोपं जगली. मी आले तेव्हा बाबा एकेका रोपाला सुतळीनं काठीशी बांधत होते आणि त्यांचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी तसा पाहिला. ते लावणं बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. लावल्यानंतरचं जे काम तुम्हा दोघांच्या अंगावर येतंय, ते मला कमी करायचंय.

मी बसून हिशेब केला. टोमॅटो महागतो तो जून ते सप्टेंबर, म्हणजे साधारण सतरा आठवडे. तुम्ही दोघं आठवड्यातून दोनदा सार किंवा आमटी टोमॅटोची करणार. म्हणजे चौतीस-पस्तीस वेळा, एका वेळेला तीन-चार टोमॅटो, फार तर तीनशे ग्रॅम. दहा किलोंत सगळा पावसाळा निघतो. झाडाला तीन किलो धरले तरी परसात सत्तर किलो येणार. त्यातले हे दहा किलो साठवायचे आणि रोजच्या रोज लागतील ते खायचे. उरलेले आपले नाहीतच, ते गल्लीचे. आणि गल्लीचे टोमॅटो गल्लीनं येऊन न्यायचे. बाबांनी दारातल्या कट्ट्यावर बुट्टी भरून ठेवायची, बस्स. अक्कांना मी सांगून ठेवलंय, त्या चार घरांत निरोप देतील. त्यांना स्वतःला गोज्जूच्या आंबटगोड कालवणासाठी हवेतच. त्या बदल्यात कडक रोट्ट्या येतील, त्या नको म्हणू नका.

आता ते दहा किलो. आई, मागच्या वर्षी माझ्या हातून काय झालं ते तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. सहा बाटल्या गर करून भरला, बाटल्या उकळून घेतल्या, झाकणं घट्ट लावली आणि फळीवर ठेवून दिल्या. महिनाभरानं एका बाटलीचं झाकण फुगलेलं दिसलं. उघडलं तर फस्स आवाज झाला आणि वर फेस आला. वास मात्र चांगला होता. तुझ्यासारखाच माझ्याही मनात विचार आला की उकळून घेऊ, कशाला फुकट घालवायचं. नंतर वाचलं तेव्हा हातपाय गार पडले. टोमॅटो आंबट लागला तरी त्याची आंबटाई काठावरची असते, पूर्ण पिकलेल्या गोड टोमॅटोची तर आणखी कमी. लिंबूसत्त्व न घालता तो बाटलीत हवाबंद केला तर आत बोट्युलिझमचं जीवघेणं विष तयार होऊ शकतं आणि ते वासानं किंवा चवीनं कळेलच असं नाही. मी सहाच्या सहा बाटल्या न चाखता टाकून दिल्या. तू फळीवर ठेवलेल्या त्या दोन बाटल्या मागच्या मोसमातल्या असतील तर त्याही टाक. चव घेऊन बघू नकोस. एवढं माझं ऐक.

फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात टोमॅटो अख्खे ठेवता येतात. धुऊन, पुसून, पिशवीत घालायचे. लागेल तेव्हा काढून नळाखाली धरले की साल हातात येते, चिरायचीही गरज नाही. तुझ्या बोटांना सोपं. खरं हे मे महिन्यापर्यंतच. पावसाळ्यात नंदगडला एकदा लाईट गेली की दुसऱ्या दिवशी येते, मग सगळं पाणी पाणी.

म्हणून पावसाळ्यासाठी वाळवण. मी गेल्या आठवड्यात इथे गच्चीवर करून बघितलं. चार किलो टोमॅटोच्या बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या केल्या, चिमूट-चिमूट मीठ लावलं, स्टीलच्या ताटांत एकाला एक न लागता मांडल्या आणि वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकला. दुपारी उलटायच्या, दिवस मावळायच्या आत घरात आणायच्या, नाहीतर दव धरतं. पहिल्या दिवशी नुसत्या मलूल झाल्या. दुसऱ्या दिवशी कडा वर वळल्या, बिया टाचणीच्या टोकासारख्या उठून दिसायला लागल्या आणि रंग विटेसारखा झाला. चौथ्या दिवशी एक वाकवली तर कट्‌कन मोडली. ती मोडली पाहिजे; नुसती चिवट वाकली तर अजून एक ऊन द्यायचं, नाहीतर बरणीत बुरशी येते. चार किलोंचं पाव किलो झालं! दहा किलोंचा सगळा पावसाळा एका मोठ्या बरणीत मावेल. सार करताना मूठभर गरम पाण्यात भिजत घालायच्या. पूड करायची तर आठवड्यापुरतीच कर, पावसाळी हवेत तिचा गोळा होतो.

ताटं मांडायला बाबा आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसायचं आणि कावळे हाकायचे.

तोक्कू तरी हवाच, मला माहीत आहे. बाबांना भाकरीबरोबर तो लागतोच. करायचा तर एका वेळी दोन किलोंचा कर आणि आटवायचं काम आधीच थोडं कमी करून घे. टोमॅटो चिरून, थोडं मीठ लावून पंचात बांधून दोन-तीन तास टांगून ठेव. मी तीन किलोंचे ठेवले तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी खाली आलं. ते ओतून देऊ नकोस, जिरं-कढीपत्त्याची तुपाची फोडणी, गुळाचा खडा, की त्याच दिवशीचं सार झालं. बांधलेला गर मग लवकर आटतो. उभट पातेलं घे, वर जाळी ठेव, आणि शेवटच्या दहा मिनिटांत लांब दांड्याच्या उलथण्याशिवाय हात घालू नकोस. तिखट ब्याडगीचं, म्हणजे रंग येईल आणि पोटात जळजळ कमी. मीठ नेहमीपेक्षा निम्मं, बाबांचं बीपी आहे. मीठ कमी म्हणजे तो बाहेर टिकणार नाही, फ्रिजमध्ये ठेव आणि महिन्याभरात संपव. बाबा, तुम्ही म्हणता कच्चा टोमॅटो जास्त पौष्टिक. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते खरं आहे. खरं त्यातलं लायकोपीन, ज्यानं तो लाल दिसतो, ते शिजवून तेलात परतल्यावर अंगी जास्त लागतं. तेव्हा कोशिंबीरही खा आणि आईच्या हातचा चमचाभर तोक्कूही.

एक मात्र कर, आजीच्या पितळी पातेल्यात टोमॅटो शिजवू नकोस. त्याची कल्हई तळाशी गेली आहे, मी बोट फिरवून पाहिलं होतं, पिवळं पितळ लागत होतं. टोमॅटोची आंबटाई तांबं ओढून घेते. ते पातेलं तुझ्या मनगटाला जडही आहे. मी आले की घेऊन येते, निपाणीत एक कल्हईवाले अजून भाता लावून बसतात, त्यांच्याकडून करून आणते. आणल्यावर ते परत तुझ्याच फळीवर राहील.

बाबा, तोडणीचंही ऐका. पूर्ण लाल व्हायची वाट बघू नका. बुडाला तांबूस झाक आली की तोडा, घरात चार-सहा दिवसांत पिकतात आणि चवीत काही जात नाही. झाडावर राहिले की पाणी कमी-जास्त झाल्यावर चिरतात, नाहीतर अळी पोखरते, आणि मग आज संध्याकाळच्या आत संपवायलाच हवेत अशी घाई तुमच्यामागे लागते. तोडलेले देठाची बाजू खाली करून कागदावर एका थरात पसरा. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये नको, तिथल्या गारठ्यात चव मरते आणि गर पिठूळ होतो. काहींच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग येतोय म्हणालात, तो रोग नाही, औषध मारू नका. पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. रोज थोडं थोडं घाला. तेवढा भाग कापला की बाकीचा टोमॅटो चांगला असतो.

आणि त्या कागदावर वाळत घातलेल्या बिया. त्या संकरित आहेत बाबा, पुढच्या वर्षी झाडं उगवतील खरं अशीच येणार नाहीत. बी धरायचं तर मोरीच्या पाण्यावर आपोआप आलेल्या आईच्या त्या दोन जवारी, गावरान झाडांचं धरा, ती चपटी, आंबट, पातळ सालीची. सारासाठी मला तीच आवडतात. बियांचा गर पेल्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, वर साय धरली की धुऊन बशीत वाळवा. पुढच्या खेपेस आठच रोपं लावूया का? चार दसऱ्याच्या सुमारास, उरलेली चार त्यानंतर एका महिन्यानं. म्हणजे सगळा माल एकदम अंगावर येणार नाही. नको वाटलं तर सांगा, मी हट्ट करणार नाही. परस तुमचं आहे.

मी पुढच्या शनिवारी येते, रविवारी रात्री मुक्काम करून सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पोरंही येतात. धाकट्याला चकत्या करता येत नाहीत खरं कावळे हाकायला तो बाबांच्या शेजारी बसेल. तोवर आई, तू एकही पातेलं चुलीवर चढवू नकोस. पिकलेले कागदावर राहू देत, फार पिकले तर कट्ट्यावर ठेवून दे.

मनगटाच्या डागाला खोबरेल लावतेस का, ते फोनवर सांग.

तुमची लेक

ता. क. हिरवे राहिलेले चार-पाच टोमॅटो माझ्यासाठी बाजूला ठेव. तव्यावर मिरची-लसणीबरोबर भाजून, शेंगांचं कूट घालून तू करतेस तसा खर्डा मला अजून जमत नाही. या वेळी मी शेजारी उभी राहून बघणार आहे.