स्पेस स्टेशनवरची ड्युटी कशी लावतात तेही छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

शुभांशू शुक्ला 2025 च्या जूनमध्ये स्पेस स्टेशनवर गेले तेव्हापासून माझा नातू तुमच्या पेपरातली त्याबद्दलची कात्रणं वहीत चिकटवतो. फोटो छान असतात, पण तिथल्या माणसांचा दिवस कसा आखतात हे काही नीट येत नाही. मी नागपुरातल्या एका दवाखान्यात इनचार्ज सिस्टर होती, 22 वर्षं वॉर्डाचा ड्युटी चार्ट मीच लावला, म्हणून मला तर पहिले हेच जाणून घ्यावंसं वाटतं.

तिथं दीड तासात पृथ्वीची एक चक्कर होते, म्हणजे 24 तासात 16 वेळा सूर्य उगवतो नि मावळतो, मग सकाळ कोणती म्हणायची? म्हणून सगळे जीएमटीवर, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेळेवर चालतात. उठायचं 6 ला, झोपायचं रात्री साडेनऊला. आपल्या घड्याळात ते उठतात तेव्हा सकाळचे साडेअकरा नि झोपतात तेव्हा रात्रीचे 3 वाजलेले असतात. चार्ट स्क्रीनवर असतो, दर माणसाची एक आडवी पट्टी, त्यात पाच-पाच मिनिटांपर्यंतचे खण आणि त्या पट्ट्यांवरून एक लाल रेघ सरकत राहते, म्हणजे आत्ता किती वाजले ते. रेघ पुढे गेली नि काम मागं राहिलं की लगेच दिसतं. सकाळ-संध्याकाळ ह्यूस्टन, हंट्सविल, म्युनिक, त्सुकुबा, मॉस्को अशा कंट्रोल रूमशी बोलणं होतं, आम्ही ड्युटी बदलताना ओव्हर देतो ना, तसंच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. झोपेचे साडेआठ तास आणि व्यायामाचे अडीच तास राखून ठेवतात, उरलेल्यात काम बसवतात. व्यायाम काही हौसेचा नाही, वजन जाणवत नाही म्हणून हाडं नि स्नायू झिजतात. शनिवारी साफसफाई, रविवार बहुतेक मोकळा.

हे शहाणपण आपोआप आलेलं नाही. 1973 मध्ये स्कायलॅबवर, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या स्पेस स्टेशनवर, कार, गिब्सन आणि पोग असे तिघं गेले, तिघांचीही पहिलीच वेळ, पोग तर सुरुवातीलाच आजारी पडले, तरी खालून कामावर काम लावत गेले आणि ते मागं पडत गेले. शेवटी 30 डिसेंबरला खालच्या लोकांशी मोकळं बोलणं झालं. मग जेवणाची वेळ नि रात्रीचं जेवण झाल्यावरचा वेळ मोकळा सोडला, बारीकसारीक कामांची वेगळी यादी दिली, सवड मिळेल तेव्हा करा म्हणून. त्यानंतर काम कमी नाही झालं, उलट वाढलं! 84 दिवस राहून आले ते.

हे वाचून मला आमच्या वॉर्डातली एक पोरगी आठवली. दोघी जणी सुट्टीवर होत्या म्हणून मी तिची नाईट संपल्यावर त्याच दिवशी इव्हनिंग लावली, रात्री 8 चं इंजेक्शन तिच्याकडून 10 ला गेलं. पेशंटला काही झालं नाही, पण ती ड्रेसिंगच्या ट्रॉलीला टेकून रडत होती आणि मेमो तिला मिळाला. चूक चार्टची होती, चार्टवर सही माझी होती. ही गोष्ट मी तेव्हा वर सांगायला पाहिजे होती, सांगितली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझी विनंती आहे की रविवारच्या पुरवणीत स्टेशनवरच्या एका माणसाचा एक पूर्ण दिवस, घड्याळासकट छापा, म्हणजे दवाखान्यात, पोलिसात, एसटीत जे कोणी ड्युटी लावतात त्यांच्या नजरेखालून जाईल. आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी स्टेशन नागपूरवरून कधी दिसणार तेही देत जा. मागं एकदा पहाटे 5 च्या सुमारास आम्ही गच्चीवर उभं राहून पाहिलं, एकदम लखलखीत, न लुकलुकता सरकत गेलं. नातू हात हलवत होता. मी म्हटलं बाप्पा, हळू, आत्ता त्यांच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सगळे झोपले असतील.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, नागपूर