आई-बाबांना, जरा लांबलचक पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आई "बरं बरं" म्हणून लगेच फोन बाबांकडे देते आणि बाबा थेट पैशांवर येतात, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा, अर्ध्यात सोडून दादाला फोन लावू नका. शाळेतून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतलीय आणि मास्टर्सला ॲडमिशन घेतलीय. विषय आहे स्कूल लीडरशिप आणि कम्युनिटी एज्युकेशन. फी भरून झालीय, तीही माझ्या साठवलेल्या पैशातून, तुमच्या एफडीला कुणी हात लावणार नाहीये. आणि नोकरी सोडली असं कुणाला सांगू नका, जागा राखून ठेवल्याचं लेखी पत्र आहे माझ्याकडे.

आता बाबा म्हणणार की मुख्याध्यापक व्हायला कॉलेज कशाला लागतं, मी कुठे काय शिकलो होतो. नव्हतात शिकला, आणि त्याने काय होतं ते मी घरात राहून बघितलंय ना. वर्षानुवर्षं छान शिकवलं म्हणून एक दिवस किल्ल्या हातात, आणि मग बजेट, टाइमटेबल, भांडायला आलेले पालक, सगळं एकट्याच्या डोक्यावर. तुम्ही निभावलंत, पण ती जागरणं आणि नंतरचं ते बीपी मला नकोय. इथे हेच शिकवतात, म्हणजे दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून काय बघायचं, मग त्या शिक्षकाशी त्याला न दुखावता कसं बोलायचं, आणि एक सेमिस्टर तर चालू शाळेत मुख्याध्यापकांच्या हाताखाली काढायचंय. उगाच हौस नाहीये हो ही. लीथवूड नावाचे शिक्षण-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा म्हटलं होतं की मुलांच्या शिकण्यावर शाळेतल्या ज्या गोष्टींचा परिणाम होतो त्यात वर्गातल्या शिकवण्यानंतर नेतृत्वाचा नंबर लागतो. दुसरा नंबर बाबा, पहिला शिक्षकांचाच, रागावू नका.

अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये जेम्स कोमर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६८ ला दोन शाळांपासून एक काम सुरू केलं. शाळेचे निर्णय शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक एकत्र बसून घेणार, आणि पहिला नियम असा की बैठकीत दोष कुणाचा हे शोधत बसायचं नाही, प्रश्न सोडवायचा. हे वाचताना मला तुमच्या स्टाफ मीटिंगा आठवल्या. पुढचं लिहीत नाही.

आणि आई, तुला वाटेल हे सगळं बाबांचंच चाललंय. अर्धा कोर्स तुझा आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंड बेटावर कृष्णवर्णीय प्रौढांसाठी वर्ग निघाला, मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचता यावं लागायचं म्हणून. शिकवायला मुद्दाम शिक्षक नाही घेतला, बर्निस रॉबिन्सन नावाची केशरचना करणारी बाई घेतली, आणि तिने आधी सगळ्यांना विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. कुणाला सही यायला हवी होती, कुणाला मनीऑर्डर भरायची होती. तू ओट्यावर लोकांना लिहा-वाचायला शिकवताना तेच करायचीस ना गं? मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ते ऐकत झोपायचे, कुणी 'क्ष' ला अडकलं की तू माझ्या केसातून बोटं फिरवत थांबायचीस. तू घाई कधीच केली नाहीस कुणाला. मला अजून जमत नाही ते, आणि मला वाटतं कोर्समध्येही ते कुणी शिकवणार नाही.

शाळा संपल्यावर कुलूप लागतं आणि इमारत सकाळपर्यंत रिकामी, हे मला कधीच पटलं नाही. इंग्लंडमध्ये हेन्री मॉरिस यांनी १९३० मध्ये सॉस्टनला दिवसा मुलांची आणि संध्याकाळी मोठ्यांची अशी एकाच आवारात सोय केली होती. परत आले की मला असलं काहीतरी करायचंय. होईल की नाही माहीत नाही, झाडू कोण मारणार आणि लाइटबिल कोण भरणार इथेच अडतं सगळं.

माझी काळजी करू नका. खोली स्वच्छ आहे, मोठी खिडकी आहे, सकाळी गरम पाणी येतं, खाली डॉक्टर बसतात. वर्गात सगळ्यात मोठी मीच आहे, म्हणून पोरं मला पुढच्या बाकावर बसवतात.

आता ऐका. बाबा, गोळ्यांच्या डब्यात मी वार लिहिलेत, ते वाचून घ्यायच्या, अंदाजाने नाही. डोळे तपासायला या महिन्यातच जायचंय, दादा गाडी घेऊन येईल, "बघू" म्हणू नका. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, काय हवं ते दादाला सांग, गुडघा तुझा आहे, माळा कुठे पळत नाही. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, बिलाचं मी बघते.

रविवारी फोन करते. स्पीकरवर ठेव गं आई, नाहीतर बाबा नुसते हो-हो म्हणतात आणि तुला काहीच सांगत नाहीत.

तुमची,
छकुली