‘जिप्सी’ म्हणजे चोर?

युरोप सहलीला निघालेल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक रील आली. मेट्रोच्या जिन्यावर लांब घागऱ्यातली एक बाई, कडेवर मूल, तिच्याभोवती लाल गोल आणि खाली ‘जिप्सींपासून सावध’. ती काहीच करत नव्हती, नुसती उभी होती. तरी हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. माझ्या पोटात कालवलं.

मार्च २०१९ मध्ये पॅरिसच्या उपनगरांत अशाच मेसेजमधून अफवा उठली, की पांढऱ्या व्हॅनमधून रोमा लोक, म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हणून हिणवलं जातं तो समाज, मुलं पळवतात. जमावाने रोमांना मारहाण केली, त्यांच्या गाड्या पेटवल्या. अपहरण एकही झालेलं नाही, असं पोलिसांनी स्पष्ट केलं. हे वाचताना धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवत नाही? १ जुलै २०१८ रोजी तिथे भिक्षुकीसाठी आलेल्या पाच डवरी गोसावींना याच संशयावरून ठेचून मारलं गेलं.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातूनच गेले. आजही त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, दोनाला ‘दुई’ म्हणतात. खिसेकापू कुठल्याही शहरात असतात, पर्यटकांनी पाकीट जरूर सांभाळावं. पण त्यासाठी अख्ख्या समाजावर शिक्का मारणारी रील पुढे पाठवायची गरज नाही. मी ग्रुपवर तसं लिहिलं. आत्याने ती काढून टाकली, बाकीचे अजून गप्प आहेत.

– एक वाचक, नाशिक