केमोसोबतची संरक्षक औषधेही वेळेवर मिळावीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरील केमोचे औषध मिळाले की काम भागले, असा आपल्याकडे समज आहे. परंतु त्या औषधापासून निरोगी अवयवांना जपणारी औषधेही तितकीच मोलाची असतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला इफोस्फामाइड हे केमोचे औषध द्यायचे ठरले, तेव्हा त्यासोबत लागणारे संरक्षक औषध मेस्ना रुग्णालयात शिल्लक नव्हते. डॉक्टरांनी त्याशिवाय केमो सुरू करण्यास नकार दिला, आणि ते योग्यच होते. इफोस्फामाइडपासून शरीरात तयार होणारे अ‍ॅक्रोलीन मूत्राशयाच्या अस्तराला इजा करते, लघवीतून रक्त जाऊ शकते. मेस्ना त्या अ‍ॅक्रोलीनला मूत्राशयातच बांधून निरुपद्रवी करते. चिठ्ठी घेऊन मी लातूरची मेडिकल दुकाने पालथी घातली. अखेर दुसऱ्या दिवशी सोलापूरहून आलेल्या एसटीतून औषधाचा खोका हाती पडला. केमोसोबत एक, ४ तासांनी दुसरी आणि ८ तासांनी तिसरी मात्रा देताना परिचारिकेने प्रत्येक वेळ केसपेपरवर नोंदवली.

मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाची मोठी मात्रा दिल्यावर तर निरोगी पेशींना त्यापासून वाचवणारे ल्युकोव्होरिन ठरल्या वेळी द्यावेच लागते. तिथला उशीर जिवावर बेतू शकतो. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधापासून हृदय जपणारे डेक्स्राझोक्सेनही काही निवडक रुग्णांना लागते.

मराठवाड्यात जिथे जिथे ही केमो दिली जाते, तिथे निदान मेस्ना व ल्युकोव्होरिन यांचा साठा असावा आणि रुग्णाला तारीख देण्यापूर्वीच तो तपासला जावा, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर