हिमदंशावरचं औषध लेहमध्येच हवं: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदी गोठली की चादर ट्रेकसाठी महाराष्ट्रातली मुलंमुली लेहला जातात. ती हौसेनं जातात. त्याच थंडीत जवान, त्यांचं सामान वाहणारे पोर्टर आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणारे मजूर मात्र पोटासाठी उभे असतात. त्यांची बोटं गेली तर रोजगारही गेला. म्हणून हे पत्र.

हिमदंशात, म्हणजे कडक थंडीनं हातपाय गोठतात तेव्हा, हाताला दोनदा इजा होते. आधी पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात. मग हात ऊब धरू लागला की बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि बोटांचा रक्तपुरवठा तुटतो. ही दुसरी इजा औषधानं रोखता येते, पण वेळेत. फ्रान्समधल्या शामोनीच्या डॉक्टरांनी ४७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जुनं औषध दिलेल्या गटात बोटं कापावी लागण्याचा धोका ६० टक्के होता. इलोप्रोस्ट हे रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध दिलेल्या गटात शून्य. रुग्ण थोडे होते हे खरं, पण फरक केवढा! फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं गंभीर हिमदंशासाठी इलोप्रोस्टला मान्यता दिली. शिरेतून रोज सहा तास, जास्तीत जास्त आठ दिवस, एवढाच हा उपचार आहे.

इलोप्रोस्टखेरीज गुठळ्या विरघळवणारं वेगळं औषध असतं, ते तर हात वितळल्यापासून २४ तासांच्या आतच द्यावं लागतं. लेहहून विमानं बहुतेक सकाळीच सुटतात, हवा बिघडली की तीही नाहीत. रुग्णाला दिल्ली-चंदीगडला हलवेपर्यंत हातातली वेळ निघून जाते. त्यामुळे लेह, कारगिल, केलाँग, उत्तरकाशी इथल्या सरकारी रुग्णालयांत दर हिवाळ्याआधी इलोप्रोस्टचा साठा पोचलाच पाहिजे, आणि तिथल्या डॉक्टरांना रात्री-अपरात्री तज्ज्ञांचा सल्ला फोनवर मिळाला पाहिजे.

सीमेलगतच्या आरोग्य केंद्रांसाठी मराठी-हिंदीच नव्हे, लडाखीतही एक पानी सूचना काढा: बर्फ चोळू नका, शेकोटीवर हात धरू नका, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा, पुन्हा गोठण्याची भीती असेल तर वितळवू नका.

आणखी एक. काळं पडलेलं बोट दिसलं की कापायची घाई होते. जिवंत आणि मृत भागांतली सीमा स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. जंतुसंसर्ग पसरत नसेल तर तोवर थांबावं, असा स्पष्ट आदेश आपल्या मंत्रालयानं या हिवाळ्याआधी काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
सह्याद्रीत आणि हिमालयात भटकणारा एक गिर्यारोहक